कुठवर आलात?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका बोळात दुपारी चारच्या सुमाराला आजी उंबऱ्याशी विड्या वळत बसल्या होत्या. मांडीवर सूप. सुपात ओलवून कापलेली पानं, तंबाखू, दोरा आणि सुपाच्या काठाला टेकवून उभा केलेला सुनेचा फोन. बोटं पानावर, नजर फोनवर. पन्नास वर्षं विड्या वळल्यावर बोटांना नजरेची गरज उरत नाही. फोनमध्ये माळशिरसच्या पुढचा रस्ता होता, भगव्या पताका हलत होत्या, टाळांचा आवाज चिरकत येत होता. शेजारच्या घरातून यंत्रमागाची खडखड त्यात मिसळली की टाळ कुठले आणि धोटा कुठला, ते कळेना.

"कुठवर आले?" आजींनी विचारलं. मला नाही, सुनेलाही नाही. सुनेनं माइकचं चिन्ह दाबून फोन त्यांच्या तोंडाशी धरला होता. प्रश्न दिंडीच्या ग्रुपमध्ये जाऊन पडला.

चार-पाच विड्या झाल्या तेव्हा उत्तर आलं. दमलेला पुरुषी आवाज: "विझोरी ओलांडली, माउली. पाऊस नाही. तुमची तुळस पुढंच आहे."

आजींनी मान हलवली आणि सुनेला तेलुगूत काहीतरी सांगितलं. सून हसली. मला म्हणाली, "अत्ता, म्हणजे सासूबाई, म्हणतेत, तुळशीला पाणी घातलं का ते नाही सांगितलं."

आजींचे गुडघे चार वर्षांपूर्वी गेले. त्याआधी डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन त्या आळंदीहून पंढरपूरला चालत जायच्या. आता त्या जात नाहीत, पण त्यांचं पितळी वृंदावन जातं. दरवर्षी ते दुसऱ्या कुणा बाईच्या डोक्यावर असतं, आणि ग्रुपमध्ये त्याला अजून "आजींची तुळस" असंच म्हणतात.

या अंकासाठी संपादकांनी विषय दिला तो ‘आपली माणसं’. त्याला त्यांनी एक शेपूट जोडलं होतं: फोनमध्ये आपली माणसं सापडतात का, ते बघून या. मी शाळेच्या वर्गाचा, सोसायटीचा आणि नातेवाइकांचा असे तीन ग्रुप सोडलेला माणूस. वाढदिवसाचे केक आणि सुप्रभातीची गुलाबाची फुलं यांत मला कुणी आपलं भेटलेलं नाही. म्हणून आधी नाहीच म्हणणार होतो. मग सोलापूरच्या एका मित्रानं या दिंडीच्या ग्रुपबद्दल सांगितलं, आणि आषाढात मी सोलापूरची गाडी धरली.

आलेल्यांचं गाव

आपलेपणाचा शोध सोलापुरात घ्यावा याला एक कारण आहे. हे गाव बाहेरून आलेल्यांनी मोठं केलं. १८७७ साली इथं पहिली कापडगिरणी उभी राहिली, ती आज जुनी गिरणी या नावानं लोकांच्या बोलण्यात आहे. गिरण्यांमागोमाग माणसं आली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून कानडी बोलणारे आले, मराठवाड्यातून दुष्काळानं लोटलेले आले. घरात तेलुगू, बाजारात मराठी, सिद्धेश्वराच्या यात्रेत कानडी, आणि शिवी कुठल्या भाषेत द्यायची ते समोरच्याकडं बघून ठरवायचं, अशी इथली रीत. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. चादरी आणि टॉवेल विणणारे माग उरले, बायकांच्या मांडीवर विडीचं सूप उरलं आणि पोरं पुण्याची गाडी पकडू लागली. आजींचा थोरला नातू चाकणला असतो. धाकट्या बहिणीला कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी उभारलेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीत घर मिळालं. दहा हजार घरांची ती वसाहत झाली, त्यात हक्काचं छप्पर मिळालं हे खरंच, पण पेठेतलं भजनाचं जुनं मंडळ विस्कटलं. टाळ एका घरी, पखवाज दुसरीकडं, पेटी तिसरीकडं, आणि मध्ये रिक्षाचं भाडं.

म्हणजे या घरात आपली माणसं आधीच पांगलेली होती. फोननं त्यांना पांगवलं नाही. ही गोष्ट मला सोलापुरात पाय ठेवल्यावर कळली, आणि पुण्यात बसून बांधलेला निम्मा लेख तिथंच मोडला.

दिंडीतली जागा

दिंडी लांबून बघणाऱ्याला गर्दी दिसते. जवळ गेलं की ते चालतं गाव असतं आणि त्यात प्रत्येकाचा पत्ता असतो. पुढं पताका घेतलेले, मग टाळकऱ्यांच्या ओळी, मध्ये पखवाज, वीणा गळ्यात घेतलेले विणेकरी, तुळस आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया. ओळीतला माणूस रोज ओळ बदलत नाही. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीत रथापुढं सत्तावीस दिंड्या चालतात, रथामागं त्याच्या कितीतरी पट. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो आणि तो क्रमांक वारकऱ्याच्या तोंडी गावाच्या नावासारखा असतो. "तुम्ही कुठले?" असं विचारलं तर आधी "रथामागं अमुक" असं उत्तर येतं, मग तालुका.

दिंडीत शिरायचं तर भिशी भरावी लागते. जेवण, तंबू, ट्रक, पाण्याचा टँकर, आचारी यांचा खर्च त्यातून भागतो. शहरात भिशी म्हटलं की बायकांची आळीपाळीची रक्कम आठवते. इथं भिशी म्हणजे पंक्तीतला हक्क. ज्याला पैसे जमत नाहीत तो पंगत वाढतो, तंबूच्या मेखा ठोकतो, ट्रकवरच्या पिशव्या उतरवतो. आजींच्या दिंडीचे व्यवस्थापक (सगळे त्यांना बुवा म्हणतात) मला म्हणाले, "नुसता चालणारा माणूस आम्हाला परवडत नाही. तो आठव्या दिवशी निघून जातो. ज्याच्याकडं काम आहे तो पंढरपूरपर्यंत येतो."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं आणि पुढचे तीन दिवस ते मला पुन्हा पुन्हा उघडावं लागलं.

टाळ वाजत ठेवणं

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भंडीशेगावच्या तळावर पोहोचलो. पंढरपूर जवळ आल्यामुळं माणसांच्या चालण्यात वेगळीच हुशारी होती. तंबूंच्या गल्ल्या, ट्रकांच्या रांगा, मसालेभाताचा वास, चिखल आणि दर पन्नास पावलांवर फोन चार्ज करण्याच्या बोर्डांची जाळी. एका शेतकऱ्यानं ओट्यावर सात-आठ बोर्ड जोडून ठेवले होते आणि शेजारी पोराला बसवलं होतं. पोरगं प्रत्येक फोनला चिकटपट्टी लावून त्यावर दिंडीचा क्रमांक लिहीत होतं. पैसे घेत नव्हतं. पूर्वी इथं याच ओट्यावर ताकाचे हंडे असायचे, असं त्याच्या आजोबांनी सांगितलं. मग म्हणाले, "सेवा तीच, तहान बदलली."

रात्री समाज आरती. पालखी तळावर येते, सगळ्या दिंड्या भोवती जमतात, शेकडो टाळ एकदम वाजत असतात. मग चोपदार उंचावर उभा राहतो, चांदीचा चोप वर करतो, एक आरोळी देतो, आणि क्षणात सगळं थांबतं. एवढा मोठा जमाव एका काठीनं गप्प होताना बघणं हा अंगावर काटा आणणारा अनुभव आहे. मात्र त्या शांततेत एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले तर त्याचा अर्थ ठरलेला असतो: या दिंडीची तक्रार आहे. चोपदार तिकडं जातो. पाणी मिळालं नाही, कुणी ओळ मोडून मध्ये घुसलं, जागेवर दुसऱ्यांनी तंबू टाकला, जे असेल ते ऐकून घेतो, निवाडा होतो, टाळ थांबतात. मग हरवलं-सापडलं पुकारतात. कुणाची पिशवी, कुणाची काठी, कुणाचा चष्मा. हरवलेली माणसंही पुकारतात. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम सांगतात आणि आरती होते.

त्या रात्री मी तिथं उभा राहून माझे तीन सोडलेले ग्रुप आठवत होतो. तिथं गप्प करणारे अॅडमिन होते. पण तक्रार असलेल्यानं आवाज चालू ठेवायचा आणि काठीवाल्यानं चालत त्याच्यापर्यंत जायचं, असा नियम एकाही ठिकाणी नव्हता. तिथं तक्रार करणाऱ्याला लोक म्हणायचे, "पर्सनलवर बोला."

आजींच्या दिंडीच्या ग्रुपमध्ये मात्र ही रीत आपोआप उतरली आहे. बुवांनी चार नियम लावलेत: राजकारण नको, फुलांचे फोटो नकोत, रात्री दहानंतर निरोप नको, आणि कुणाची तक्रार आली तर तिचा निकाल लागेपर्यंत दुसरा विषय नको. चौथा नियम कुठून आणला असं विचारल्यावर बुवा गोंधळले. त्यांना तो नियम वाटतच नव्हता. "टाळ वाजत असताना आरती कशी सुरू करणार?" एवढंच म्हणाले.

अकरा महिन्यांचा मुक्काम

ग्रुप सुरू झाला तो साध्या अडचणीतून. मुक्कामाला पोहोचल्यावर आपला तंबू सापडत नसे. एकाच रंगाचे हजार तंबू, अंधार, आणि पाय सुजलेले. पूर्वी उंच बांबूला ओळखीचं फडकं बांधत. आता ट्रक पुढं गेला की चालक तळावरून ठिकाणाची खूण पाठवतो आणि लोक फोन बघत येतात. अर्थात, वाखरीच्या पुढं लाखो फोन एका जागी आले की जाळं कोलमडतं. खूण उघडत नाही, कॉल लागत नाही. म्हणून बांबू अजून आहे आणि फडकंही आहे. यंदा ते फडकं म्हणजे सोलापुरी चादरीचा लाल तुकडा होता.

खरी गंमत वारी संपल्यावरची. पूर्वी दिंडीतली माणसं गोपाळकाल्यानंतर पांगली की पुढच्या ज्येष्ठापर्यंत एकमेकांना दिसत नसत. कुणी वर्षात वारलं तर आळंदीत ओळ रिकामी दिसल्यावर कळे. आता तो अकरा महिन्यांचा मुक्काम ग्रुपमध्ये पडतो. मी परवानगी घेऊन मागचे निरोप वाचले. माढ्याकडच्या एका टाळकऱ्याच्या मुलीचं लग्न. अक्कलकोटच्या बाजूच्या एकाची तूर गेली, त्यावर कुणी सल्ला दिला नाही, दोघंजण जाऊन आले. मोहोळच्या एका म्हाताऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, त्याला सोलापुरात रात्रीचा डबा कोण देणार याची वाटणी. दर एकादशीला सकाळी एक ओळ: कोण कुठं आहे. बहुतेकांचं उत्तर एका शब्दात: रानात, दुकानात, मागावर, ड्युटीवर. ही हजेरी आहे. जो लागोपाठ दोन एकादश्या बोलला नाही, त्याच्या घरी कुणीतरी फोन करतं.

आजींच्या नातवानं, चाकणच्या, एकदा दोन महिने उत्तर दिलं नाही. तो दिंडीत कधी चाललेलाच नाही. आजीचा निरोप पोहोचवायला म्हणून ग्रुपमध्ये घेतलेला. कंपनीनं कंत्राट संपवलं होतं आणि त्यानं घरी सांगितलं नव्हतं. त्याच्या खोलीवर पहिल्यांदा पोहोचला तो आळंदीचा एक पखवाजवाला, ज्याला त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. हे मला नातवानंच फोनवर सांगितलं. म्हणाला, "दार उघडलं तर एक माणूस म्हणाला, तू आजींच्या तुळशीचा ना?"

टाळ जुळेनात

२०२० च्या आषाढाबद्दल विचारलं की या माणसांचा आवाज बदलतो. १७ मार्चपासून विठ्ठल मंदिर दर्शनाला बंद झालं होतं. आळंदी आणि देहूची प्रस्थानं मोजक्या माणसांत झाली, पादुका तिथंच थांबल्या, आणि ३० जूनला एसटीच्या बसमधून पंढरपूरला नेल्या. १ जुलैच्या एकादशीला पंढरपुरात संचारबंदी होती. वारकऱ्यांच्या भाषेत याला ‘वारी चुकणं’ म्हणतात, आणि वारी चुकणं ही तिथं सहज बोलण्याची गोष्ट नाही. घरात मयत झाली तरी वारी न चुकवणारी माणसं त्या वर्षी दारात बसून होती.

त्या वर्षी बुवांच्या मुलानं व्हिडिओ कॉलवर हरिपाठ लावायचं ठरवलं. ज्या दिवशी ज्या गावी मुक्काम असता, त्या गावाचं नाव घेऊन, संध्याकाळी, सगळे आपापल्या घरातून. पहिल्याच दिवशी सगळं विसकटलं. इंटरनेटवरून आवाज पोहोचायला वेळ लागतो, अगदी सेकंदाचा लहानसा तुकडा, पण प्रत्येकाला वेगळा. बोलताना तो जाणवत नाही. टाळाला जाणवतो. सोलापूरचा टाळ समेवर पडे तेव्हा आळंदीचा अजून हवेत असे. पन्नास जण पन्नास ठिकाणी समेवर येत होते. त्यात दुसरी भानगड अशी की हे अॅप माणसाचं बोलणं ओळखतं आणि बाकीचा आवाज गोंगाट समजून दाबतं. टाळ त्याच्या लेखी गोंगाट. त्यामुळं ओठ हलताना दिसत, हात हलताना दिसत, आणि टाळ मुके.

तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी त्यांनी तोड काढली. एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी आपला माइक बंद करून त्याच्या मागं म्हणायचं. म्हणजे प्रत्येकाला ऐकू येत होते दोनच आवाज, म्हणणाऱ्याचा आणि स्वतःचा. पडद्यावर मात्र पन्नास घरांत पन्नास तोंडं हलताना दिसत होती. रोज म्हणणारा बदलायचा. एका संध्याकाळी आजींची पाळी आली. त्या आयुष्यभर ओळीत मागून म्हणत आल्या होत्या, एकटीचा आवाज त्यांनीही कधी ऐकला नव्हता. मराठी अभंग, तेलुगू वळणाचे उच्चार. सून सांगते, त्या रात्री आजी जेवल्या नाहीत, नुसत्या बसून राहिल्या.

ती सोय होती, वारी नव्हती, असं बुवांचं ठाम मत. मंदिर त्या वर्षी १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, उघडलं. पायांवर डोकं ठेवायला २०२२ चा गुढीपाडवा उजाडावा लागला. बुवा त्याच आठवड्यात जाऊन आले आणि ग्रुपमध्ये त्यांनी फोटो टाकला नाही. फक्त लिहिलं: सगळ्यांची नावं घेतली. खाली नावं होती, सगळी.

लाखांची दिंडी

आता ज्यांची दिंडीच फोनमध्ये आहे त्यांच्याकडं. २०११ साली स्वप्नील मोरे आणि त्यांच्या मित्रांनी ‘फेसबुक दिंडी’ सुरू केली. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यापर्यंत वाट रोजच्या रोज पोहोचवायची, एवढी साधी कल्पना. छायाचित्रं, चित्रफिती, आज पालखी कुठं. पुढं दरवर्षी एखादा सामाजिक विषय जोडला गेला, पाणी वाचवण्यापासून नेत्रदानापर्यंत. त्या काळी वारीची बातमी म्हणजे प्रस्थानाचा एक फोटो आणि एकादशीच्या महापूजेचा एक फोटो. मधले अठरा-वीस दिवस शहरातल्या माणसाला दिसतच नसत. ते दिसू लागले, यात या मंडळींचा वाटा मोठा आहे. आज रिंगणावर ड्रोन फिरतात, मंदिर समिती थेट दर्शन दाखवते, आणि परदेशी बसलेला मराठी माणूस ऑफिसच्या खिडकीत माउलींचा अश्व धावताना बघतो.

मला हे सगळं आवडतं आणि तरी एक शंका जात नाही. रिंगणाच्या चित्रफितीखाली हात जोडलेली हजारो चिन्हं असतात. ते हात कुणाला जोडलेले असतात? त्यांतल्या एकाला दुसऱ्याचं नाव ठाऊक नसतं. त्यांतला एक उद्या आला नाही तर कुणाच्या ध्यानात येणार? बुवांचं वाक्य वहीतून वर येतं: नुसता चालणारा परवडत नाही. मग नुसता बघणारा?

पण पंढरपुरात दशमीच्या रात्री चंद्रभागेच्या वाळवंटात एक पुण्याची मुलगी भेटली, संगणकातली नोकरी करणारी. तीन वर्षं तिनं फक्त फोनवर वारी बघितली. चौथ्या वर्षी एका टप्प्यापुरती चालली. यंदा ती पूर्ण चालून आली होती, आणि तिच्या दिंडीत तिच्याकडं औषधांची पेटी होती. "बघत होते तेव्हा रडायला यायचं," म्हणाली. "आता वेळच नाही. लोकांचे फोड बघायचे असतात." कुणी पडद्याच्या वाटेनं येतं, हे मला मान्य करावं लागलं. सगळे येणार नाहीत, हेही तितकंच खरं.

फोन कुणाचा

दिंडीत बायकांची संख्या डोळ्यांत भरते. ग्रुपमध्ये ती तशी दिसत नाही. आजींच्या दिंडीतल्या बहुतेक बायांचा ‘नंबर’ म्हणजे मुलाचा, नवऱ्याचा किंवा सुनेचा फोन. निरोप त्या घरी येतो, त्यांच्यापर्यंत पोहोचेल की नाही ते घरातल्याच्या मनावर. एका बाईचा मुलगा वैतागून ग्रुपमधून बाहेर पडला आणि आईची हजेरी परस्पर बंद झाली. तीन एकादश्यांनंतर कुणीतरी घर गाठलं तेव्हा त्या म्हणाल्या, मला वाटलं तुम्हीच मला काढलंत.

काढलं जाणं ही पंढरीच्या वाटेवर नवी भीती नाही. संत चोखोबा मंगळवेढ्याचे, पंढरपूरच्या जवळचेच. त्यांची समाधी मंदिराच्या दारात, नामदेव पायरीशी आहे, आत नाही. मंदिराची दारं दलितांना उघडावीत म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा ती उघडली. बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत अधिकार संपायला २०१४ उजाडावं लागलं, तेही सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं. ज्या वाटेवर सगळे एकमेकांना माउली म्हणत पाया पडतात, तिचं दार इतकी वर्षं असं होतं. तेव्हा ग्रुपचा अॅडमिन कोण, कुणाला घेतात, कुणाचा निरोप न वाचता पुढं जातात, या क्षुल्लक बाबी नाहीत. बुवांना हे बोलून दाखवलं. ते गप्प राहिले. आता ग्रुपला तीन अॅडमिन आहेत, त्यांतली एक आजींची सून. व्हॉट्सअॅपनं २०२२ मध्ये एका ग्रुपची मर्यादा एक हजार चोवीसवर नेली, पण बुवा दोनशेच्या वर जाऊ देत नाहीत. "दोनशेपर्यंत माणूस चेहऱ्यानं लक्षात राहतो. पुढं नुसता आकडा."

लऊळला थांबलेला

परतताना कुर्डुवाडीजवळ लऊळला उतरलो. वाट वाकडी होती, पण एका कथेसाठी जायचंच होतं. पैठणचा कूर्मदास. हात नाहीत, पाय नाहीत. पंढरीला जायचं म्हणून तो सरपटत निघाला आणि लऊळपर्यंत आला. पुढं सरकवेना. एकादशी तर उद्यावर. मग त्यानं पंढरीला निघालेल्या वारकऱ्यांबरोबर विठ्ठलाला निरोप धाडला: मी येऊ शकत नाही, तूच ये. आणि देव आला, ज्ञानदेव-नामदेवांना बरोबर घेऊन. याच तालुक्यातल्या अरणचे सावता माळी तर पंढरी इतकी जवळ असून मळा सोडून कधी गेलेच नाहीत. आषाढात संतांच्या पालख्या पंढरपूरला येतात. सावतोबांची येत नाही. त्यांच्या पुण्यतिथीला पांडुरंगाची पालखी पंढरपुराहून अरणला जाते.

लऊळच्या देवळात दुपारी कुणी नव्हतं. ओट्यावर बसलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की न आलेल्याची जागा या संप्रदायानं सातशे वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे. फक्त त्याला एक अट आहे. निरोप नेणारा हवा. वारीला निघालेल्याच्या हातावर आजही गावोगाव लोक रुपयाचं नाणं ठेवतात, तुळस देतात, म्हणतात, "पायरीला हात लावताना माझं नाव घ्या." आणि घेणारा घेतो. कूर्मदासानं पाहिलं नाही, सांगून धाडलं. ज्याच्याबरोबर धाडलं त्यानं ते वाटेत टाकलं नाही. हात जोडलेल्या त्या हजारो चिन्हांत मला जे खुपत होतं ते हेच: ती कुणाच्या हातात दिलेली नसतात.

सोलापूरला पोहोचलो तेव्हा पौर्णिमा होऊन गेली होती. आजींच्या दारात ट्रकमधून आलेलं वृंदावन धुऊन पालथं घातलेलं होतं, आणि तुळस कुंडीत लावलेली. दोन पानं पिवळी पडली होती. त्यावरून त्यांनी ग्रुपमध्ये तक्रार केली होती: चौदा सेकंदांचा आवाजी निरोप, अर्धा मराठीत, अर्धा तेलुगूत. त्याखाली त्या दिवशी दुसरा एकही निरोप नव्हता. रात्री साडेआठला बुवांचं उत्तर आलं, की वेळापूरला एक दिवस पाणी घालायचं राहिलं, चूक झाली, माउली.

पुढच्या वर्षाच्या भिशीची यादी मी निघण्यापूर्वी पाहिली. सुनेच्या फोनवर होती. तेविसाव्या क्रमांकावर आजींचं नाव आहे. त्यापुढं, चालणार की नाही या रकान्यात, काही लिहिलेलं नाही. पैसे भरल्याची खूण आहे.